हेलियम, गुंटूर आणि विजयदुर्ग

विजयदुर्गच्या ‘साहेबाच्या ओट्या’वरून नॉर्मन लॉकियरने हेलियम शोधला, ही गोष्ट कोकणात हमखास ऐकू येते. गोष्ट छान आहे, पण लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्येच होता!

१८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी फ्रान्सहून पिएर जान्सेन आले होते गुंटूरला. वर्णपटमापकातून सूर्याच्या ज्वाळांच्या रेषा इतक्या ठळक दिसल्या, की ग्रहण नसतानाही त्या दिसायला हव्यात असं त्यांना वाटलं. दुसऱ्याच दिवशी भर उन्हात त्यांनी त्या पाहिल्यासुद्धा! माझ्या मते खरी मजल इथेच मारली गेली, कारण आता ग्रहणाची वाट पाहायची गरजच उरली नाही. लॉकियरने २० ऑक्टोबरला हेच इंग्लंडमधून स्वतंत्रपणे साधलं. दोघांची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीत पोचली एकाच दिवशी.

त्या ज्वाळांमधली एक पिवळी रेषा सोडियमच्या जोडरेषांशी जुळेना. हे नवं मूलद्रव्य असावं, असं लॉकियरचं म्हणणं. बरेच रसायनशास्त्रज्ञ साशंकच राहिले. अखेर १८९५ मध्ये विल्यम रॅमसे यांना युरेनियमच्या एका खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेषा सापडली. तेव्हा लॉकियर साठीच्या उंबरठ्यावर होता.