गाणी येतात, संग्रह मागे राहतो

जुन्या संगणकावरची गाणी नव्यावर न्यायची म्हणजे कॉपी आणि पेस्ट, असं बहुतेकांना वाटतं. फाइली तशा येतातही. पण वर्षानुवर्षं लावलेल्या प्लेलिस्ट, गाण्यांना दिलेले तारे, दुरुस्त केलेली गायकांची नावं यांतलं बरंच काही जुन्याच यंत्रात राहून जातं, आणि हे कळतं तेव्हा ते यंत्र भंगारात गेलेलं असतं.

प्लेलिस्ट गाण्यांबरोबर आपोआप येते, हा यातला सर्वांत मोठा गैरसमज. प्लेलिस्टमध्ये गाणी नसतात, गाण्यांचे पत्ते असतात. विनॅम्प या प्लेअरच्या काळातली एखादी एम-थ्री-यू प्रकारची प्लेलिस्ट नोटपॅडमध्ये उघडून बघा. बऱ्याचदा प्रत्येक ओळीत डी ड्राइव्ह, मग ‘गाणी’ हा फोल्डर, त्यात ‘नाट्यसंगीत’, मग फाइलचं नाव, असा पूर्ण मार्ग लिहिलेला असतो. नव्या लॅपटॉपला डी ड्राइव्हच नसेल, तर गाणं डिस्कवर असूनही प्लेअरला सापडत नाही. नोटपॅडमध्येच फाइंड-रिप्लेस करून मार्ग बदलला की प्लेलिस्ट पुन्हा चालू लागते.

नावं देवनागरीत असतील तर आणखी एक खोडा. जुन्या एम-थ्री-यू प्रकारात युनिकोडची हमी नसते, अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटू शकतात. म्हणून जुना संगणक चालू आहे तोवरच प्लेलिस्ट एम-थ्री-यू-एट प्रकारात साठवून घ्या. मॅकवरून गाणी आणणाऱ्यांनी ‘ऱ’ या अक्षराकडेही लक्ष द्यावं. मॅकची जुनी फाइल-पद्धत, एचएफएस प्लस, नावातला हा ‘ऱ’ फोडून ‘र’ आणि नुक्ता अशा दोन चिन्हांत साठवते. ‘वाऱ्यावर’ हे नाव पडद्यावर जसंच्या तसं दिसतं, पण प्लेलिस्टमधला अखंड ‘ऱ’ आणि फाइलच्या नावातला फोडलेला ‘ऱ’ संगणकाच्या लेखी वेगळे ठरू शकतात. मग नेमकी तेवढीच गाणी का वाजत नाहीत, ते काही केल्या उमगत नाही.

आयट्यून्स वापरणाऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी. तिथे प्लेलिस्ट, तारे, गाणं किती वेळा ऐकलं याची नोंद, हे सगळं ‘आयट्यून्स लायब्ररी’ नावाच्या एका फाइलीत असतं. गाण्यांत नव्हे. नुसती ती फाइल नेली तर यादी येते, गाणी येत नाहीत. नुसती गाणी नेली तर उलट होतं. आधी ‘कन्सॉलिडेट फाइल्स’ हा पर्याय वापरून इकडे-तिकडे विखुरलेली गाणी एका जागी आणायची आणि मग अख्खा आयट्यून्स फोल्डर उचलायचा. नव्या संगणकावर विंडोजमध्ये शिफ्ट, तर मॅकवर ऑप्शन कळ दाबून धरून प्रोग्रॅम उघडला की कुठली लायब्ररी उघडायची ते तो विचारतो. २०१९पासून मॅकवर आयट्यून्सची जागा म्युझिक या अ‍ॅपने घेतली, तरी हीच रीत चालते.

गायक, राग, मैफलीचं साल ही माहिती फाइलीतच असते, हे एमपीथ्रीपुरतं बऱ्याच अंशी खरं आहे. वेव्ह फाइलींचं तसं नाही. आयट्यून्समध्ये वेव्हला दिलेली माहिती फक्त लायब्ररीत राहते. कॅसेटवरून उतरवलेली घरगुती मैफल बहुधा याच प्रकारात असते, तेव्हा गायकाचं नाव, राग आणि साल थेट फाइलच्या नावातच घालावं.

कॉपीने आवाज खालावतो, ही धास्ती कॅसेटच्या दिवसांतली. एका कॅसेटवरून दुसरी भरली की खरखर वाढायची, ते खरंच होतं. संगणकावर मात्र नीट झालेली कॉपी मुळाशी तंतोतंत जुळते. आवाज बिघडतो तो एमपीथ्रीचं पुन्हा एमपीथ्री केल्यावर. १२८ केबीपीएसचं गाणं ३२०चं केलं किंवा फ्लॅकमध्ये नेलं, तर फाइल फुगते, गेलेला आवाज परत येत नाही.

पेन ड्राइव्हवर जागा शिल्लक आहे म्हणजे फाइल बसेलच, असंही नाही. फॅट-३२ पद्धतीच्या ड्राइव्हवर एकेक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झने केलेलं स्टिरिओ ध्वनिमुद्रण दोन तासांच्या आसपास ही मर्यादा गाठतं. ड्राइव्ह रिकामा असतानाच एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला की विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालतो. १०० जीबी गाणी जुन्या वाय-फायवरून न्यायला दहा-अकरा तास लागू शकतात. यूएसबी २च्या हार्ड डिस्कवर तेवढीच गाणी साधारण तासाभरात उतरतात.

संगणक सुरूच होत नसेल, तरी गाणी गेली असं समजू नका. डिस्क ठीक असेल तर ती काढून साटा-ते-यूएसबी जोडणीने नव्या संगणकाला लावता येते. साडेतीन इंची डिस्कला वेगळा वीजपुरवठा लागतो. टकटक आवाज येत असेल तर मात्र पुन्हापुन्हा चालू करून पाहू नका, डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडे न्या.

विकत घेतलेल्या गाण्यांवरचं कुलूप आयट्यून्स स्टोअरने २००९मध्ये काढलं. त्याआधीची कुलूपबंद गाणी वाजवायला नवा संगणक अधिकृत करावा लागतो, आणि एका खात्यावर असे पाचच संगणक चालतात. म्हणून जुन्याचा अधिकार आधी काढून घ्या. स्ट्रीमिंग अ‍ॅपमध्ये ऑफलाइन साठवलेली गाणी मात्र कॉपी करण्यात अर्थ नाही, ती त्या अ‍ॅपबाहेर वाजत नाहीत.

पडद्यावरची कॉपीची पट्टी पूर्ण भरली म्हणजे काम झालं, असं मानणाऱ्यांचं नुकसान मला सर्वांत जास्त खुपतं. फाइलचा मार्ग २६० अक्षरांपलीकडे गेला की विंडोज अडखळू शकतं, आपण घाईत ‘स्किप’ दाबतो आणि विसरतो. कट-पेस्ट तर करूच नका. कॉपीनंतर दोन्हीकडच्या फाइलींची संख्या आणि बाइटमधला आकार ताडून बघा. टेराकॉपीसारखा प्रोग्रॅम फाइल न फाइल पडताळून देतो. सुरुवात आजीच्या ओव्यांपासून करा, शेजारच्या दिवाणखान्यात झालेल्या मैफलीपासून करा. चित्रपटगीतं उद्या पुन्हा मिळतील, ही ध्वनिमुद्रणं दुसऱ्या कुणाकडे नाहीत. त्यांची आणखी एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा, आणि जुना संगणक भंगारवाल्याला द्यायचाच झाला तर त्यातली डिस्क आधी काढून घ्या.