कॅसेटमधले आवाज सीडीवर उतरवा

भीमगीतांच्या कॅसेटी आपल्या घरोघरी होत्या. पालघर, बोईसर, तारापूरच्या वस्त्यांत १४ एप्रिल जवळ आला की टेपरेकॉर्डरला उसंत नसे. त्यांतल्या बाजारी कॅसेटींची चिंता करण्याचे कारण नाही. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज आज मोबाईलवरही मिळतात. चिंता आहे ती साध्या टेपवर घरीच भरलेल्या कॅसेटींची. वस्तीतल्या दोन गायन पार्ट्यांचा रात्रभर चाललेला सामना, आजोबांनी स्वतः बांधलेले गीत, आईने म्हटलेला भीमाचा पाळणा. यांची दुसरी प्रत कोठेही नाही. त्यात आपण समुद्रकाठचे लोक. दमट हवेत फितीवर पांढरी बुरशी धरते. अशी कॅसेट टेपमध्ये घालूच नये, जाणत्याकडून आधी साफ करून घ्यावी.

मोबाईल असताना सीडी कशाला, असे तरुण मुले विचारतील. पण कितीतरी घरांत आणि विहारांत सीडीचा जुना स्टिरिओ अजून आहे, त्याला पेनड्राइव्हची खाच नाही. आजीला एक बटण दाबता येते. रेंज लागत नाही, मध्येच जाहिरात येत नाही.

मात्र येथे एक गफलत होते. सीडी भरून देणारा सांगतो, ‘एमपी-थ्री करा, शंभर-दीडशे गाणी बसतील.’ बसतात हे खरे, पण ती संगणकाची फाईल असते. जुन्या स्टिरिओला ती वाचता येत नाही. आपण ‘ऑडिओ सीडी’च मागायची. फिलिप्स आणि सोनी कंपन्यांनी १९८० साली तिचा नियम ठरवला: सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटचा, डावा-उजवा असे दोन आवाज. हिशेब केला तर मिनिटाला सुमारे १० एमबी होतात, म्हणून एका सीडीवर फक्त ८० मिनिटे मावतात. साठ मिनिटांची कॅसेट एका सीडीवर आरामात बसते, नव्वदची असेल तर दोन लागतात.

घरी करायचे तर कॅसेट आधी एकदा पुढे-मागे पूर्ण फिरवून घ्यावी. टेपच्या हेडफोनच्या खाचेतून वायर संगणकाच्या लाईन-इनमध्ये जोडावी. ऑडॅसिटी नावाचा मोफत प्रोग्राम आहे, त्यात आवाज भरावा आणि ‘वेव्ह’ प्रकारात जतन करावा. खरखर काढण्याची सोय त्यात आहे, पण हात आखडता ठेवा. खरखरीबरोबर ढोलकीची थाप आणि टाळ्याही पुसट होतात. नव्या लॅपटॉपला सीडीची खाच नसते, त्यासाठी यूएसबीने जोडायचा रायटर मिळतो. कोरी सीडी ‘सीडी-आर’ घ्यावी. पुसून पुन्हा भरता येणारी ‘आरडब्ल्यू’ पुष्कळ जुने स्टिरिओ ओळखत नाहीत, कारण तिच्यावरून प्रकाश कमी परततो. वेग फार ठेवू नये आणि शेवटी सीडी ‘फायनलाइज’ करावी, नाहीतर ती संगणकावर वाजते पण स्टिरिओवर वाजत नाही. सामन्याचे रेकॉर्डिंग असेल तर दोन गाण्यांमधली दोन सेकंदांची शांतता काढून टाका. टाळ्या मध्येच तुटल्या तर मजा जाते. नाव घालायचे ते सीडीच्या मार्करने. चिकटपट्टी लावू नये, ती सुटली की सीडी आत अडकते.

बाजारी कॅसेटीची प्रत घरात ऐकण्यापुरतीच, विकायची नाही. सीडीही कायमची नसते. म्हणून तीच फाईल पेनड्राइव्हवर आणि आणखी एका घरी ठेवावी. मूळ कॅसेट टाकू नये.

एक काम मात्र यंत्र करणार नाही. प्रत्येक गीतासमोर कवी, गायक, ढोलकीवाला, गाव आणि साल लिहा. वामनदादा कर्डकांसारखे कवी शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफत, त्यामुळे कवी तेवढा सापडतो. कोरस धरणाऱ्या बायकांची नावे गाण्यात नसतात. आठवत नसतील तर जागा कोरी सोडा आणि सीडी विहारात जुन्या माणसांसमोर लावा. कोणीतरी आवाज ओळखेल, तेव्हा पेन जवळ असू द्या.