पहिल्या पाच मिनिटांचा रियाज

आकाशवाणीची ऑडिशन बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री असताना (१९५२–६२) रुजली. तेव्हा अनेक नामवंतांनी तिला विरोधही केला. घराणे, गुरूंचे नाव, मैफलीतली दाद, यांपैकी काही तिथे कामी येत नाही. हाताशी मोजकी मिनिटे, आणि यादीतला कोणता राग मागतील याचा नेम नाही.

घरच्या रियाजाची रीत नेमकी उलटी. तासभर पूरियाच आळवला की तो गळ्यावर चढतो, आणि ‘तयार झाला’ असे वाटू लागते. मारवा, पूरिया, सोहनी यांचे स्वर तेच: कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम वर्ज्य. पण मारव्यात रिषभ-धैवत बोलतात, पूरियात गंधार-निषाद. सोहनी तार षड्जाकडे झेपावते. हे पहिल्या आलापातच उमटले नाही, तर पुढची तान दाणेदार असून काय उपयोग?

शिया आणि मॉर्गन यांनी १९७९मध्ये हाताच्या हालचालींवर प्रयोग केला. एकच हालचाल सलग घोटणारे सरावात सरस ठरले. क्रम उलटसुलट करणारे आधी चाचपडले, पण दहा दिवसांनी तेच पुढे होते. गाणे म्हणजे लाकडी फळ्या पाडणे नव्हे, हे मान्य. तरी आपल्या रियाजाला हे लागू पडते असे मला वाटते.

तेव्हा रागांच्या चिठ्ठ्या कराव्यात. एक उचलावी, तानपुरा लावून पाच मिनिटे गाऊन ध्वनिमुद्रित करावे, की लगेच दुसरी. मारव्यानंतर यमन निघाला तर तानपुऱ्याची निषादाची तार पंचमावर आणण्यापासून सुरुवात. पहिल्या आठवड्यातले ध्वनिमुद्रण ऐकवत नाही. तरी ते पुसू नये.