अॅव्होकॅडोचे घरगुती ग्वाकामोले

अॅव्होकॅडोची झाडे फळावर आली की बागायतदारापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो विक्रीचा नव्हे, तर हे फळ खायचे कसे हा. ते गोड नाही, आंबट नाही आणि जास्त वेळ शिजविल्यास गर कडवट होतो. कोडगू, वायनाड, निलगिरी या भागांत ते 'बटर फ्रूट' म्हणून दूध-साखरेत घुसळून पितात. या फळाच्या मूळ देशात, म्हणजे मेक्सिकोत, मात्र ते तिखट-मिठाबरोबर खातात. तेथील नाहुआत्ल भाषेत 'आवाकात्ल' म्हणजे हे फळ आणि 'मोल्ली' म्हणजे कालवण. यावरूनच 'ग्वाकामोले' हा शब्द आला. आपल्या ठेच्याचा आणि भरताचा हा दूरचा भाऊबंदच म्हणावा.

ग्वाकामोले बिघडते ते बहुधा स्वयंपाकघरात नव्हे, तर बागेत. हे फळ झाडावर मऊ होत नाही, काढल्यानंतरच पिकते. त्यामुळे कोवळी फळे काढण्याचा मोह होतो. अशी फळे पिकण्याऐवजी सुरकुततात, रबरासारखी चिवट होतात व गराला चव राहत नाही. कॅलिफोर्नियात हास जातीच्या फळात किमान २०.८ टक्के शुष्क पदार्थ असल्याशिवाय ते बाजारात पाठविता येत नाही, त्याचे कारण हेच. आपणाकडे सोपी परीक्षा आहे. झाडाची दोन-तीन फळे काढून घरात ठेवावीत. आठ-दहा दिवसांत ती न सुरकुतता एकसारखी मऊ झाली तर तोडणी सुरू करावी. फळ कापल्यावर बियांवरील साल पांढरट-पिवळी न राहता गडद तपकिरी झालेली दिसली पाहिजे. पिकविण्यासाठी फळे केळ्यांबरोबर कागदी पिशवीत ठेवावीत. देठाजवळ हलके दाबून पाहावे, मध्यभागी अंगठा दाबू नये. तेथे गर काळा पडतो.

आता मूळ कृती. दोन मध्यम फळांचा गर, अर्धा लहान कांदा, दोन हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर, चवीपुरते मीठ. मेक्सिकोत हे काळ्या ज्वालामुखीय दगडाच्या तीन पायांच्या खलात करतात. आपला दगडी खल किंवा पाटा चालेल. आधी मिरची, थोडा कांदा व मीठ वाटून घ्यावे, मग गर घालून जाडसर ठेचावे. मिक्सरमधून काढू नये. गर गुळगुळीत होऊन खाण्यातील मजा जाते. उरलेला कांदा, कोथिंबीर व लिंबाचा रस शेवटी मिसळावा. टोमॅटो घालावयाचा असल्यास बिया काढून, अगदी वाढतेवेळी घालावा, कारण मीठ लागताच त्याला पाणी सुटते.

आपणाकडील बियांपासून वाढलेल्या पुष्कळ झाडांची फळे मोठी परंतु पाणीदार असतात. हास जातीच्या तुलनेत त्यांत तेल कमी. अशा गराचे ग्वाकामोले सैल होते. यावर भाजलेल्या शेंगदाण्याचे किंवा तिळाचे जाडसर कूट हा चांगला उपाय आहे. मेक्सिकोतही भाजलेल्या भोपळ्याच्या बिया वरून घालतातच.

तेथे या पदार्थाचे प्रकार प्रांतागणिक बदलतात. ओआहाका भागात वर तळलेले नाकतोडे घालतात, तो प्रकार येथे कोणी करून पाहील असे वाटत नाही! गुआनाहुआतो राज्यातील एका प्रकारात मात्र डाळिंबाचे दाणे, द्राक्षे व पीच घालतात. यांपैकी पहिली दोन फळे सोलापूर-नाशिककडे दारचीच आहेत. द्राक्षे आंबटसर व कडक घ्यावीत, दोन भाग करावेत. तेलकट गरात डाळिंबाचा दाणा फुटतो तेव्हा या पदार्थाची खरी लज्जत कळते. ग्राहकाला पहिल्यांदा चव देताना हाच प्रकार द्यावा, असे आमचे मत आहे. पाडाच्या आंब्याच्या फोडीही चालतात, मात्र तेव्हा लिंबू कमी करावे. मिरची तव्यावर भाजून घेतल्यास धुरकट स्वाद येतो. ज्वारीची भाकरी किंवा भाजलेला पापड याबरोबर हे सर्व प्रकार उत्तम लागतात.

कापलेला गर हवेशी संयोग होऊन तपकिरी पडतो. बी त्यात ठेवल्याने हे थांबते असा समज आहे. परंतु बीखाली झाकलेला भाग तेवढा हिरवा राहतो, बाकीचा काळा पडतोच. लिंबाचा रस घालावा व प्लॅस्टिकचा पातळ कागद गराला चिकटेल असा लावावा. बचत गटांनी विक्रीचा विचार करताना हे ध्यानात ठेवावे की उकळून बाटलीबंद करण्याची पद्धत येथे चालत नाही. कारखान्यांत त्यासाठी उष्णतेऐवजी उच्च दाबाची यंत्रे वापरतात. तेव्हा ताजे करून त्याच दिवशी विकावे. फळे एकदम पिकली तर नुसता गर लिंबाचा रस घालून -१८ अंश सेल्सिअस तापमानाला गोठवावा. तो काही महिने टिकतो. कांदा-टोमॅटो घातलेले मिश्रण गोठवू नये.

उरलेल्या साली, बिया व पाने गोठ्यात किंवा खुराड्यात टाकू नयेत. त्यांतील पर्सिन या द्रव्याने शेळ्या व गाईंची कास सुजते, दूध आटते. कोंबड्या व इतर पक्षी दगावूही शकतात. गुरे-कोंबड्या पोहोचणार नाहीत अशा खड्ड्यात हा कचरा पुरावा.