मेंदूतील कॅल्शियम आणि पेशीपटलावरील विकरे

हाडे व दात यांच्या बळकटीसाठी कॅल्शियम लागते, हे सर्वश्रुत आहे. शरीरातील सुमारे ९९ टक्के कॅल्शियम तेथेच साठलेले असते. तथापि उरलेल्या अल्पशा भागावर मेंदूचे कार्य अवलंबून असते, ही गोष्ट फारशी परिचित नाही.

मेंदूतील प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध द्रव्ये व प्रथिने यांचे अत्यंत पातळ पटल असते. त्यात काही विकरे, म्हणजेच एंझाइमे, घट्ट बसलेली असतात. उज्जैन येथे विक्रम विद्यापीठाची स्थापना झाली त्याच वर्षी, म्हणजे १९५७ साली, डेन्मार्कमधील शास्त्रज्ञ येन्स स्कौ यांनी खेकड्याच्या मज्जातंतूंतील अशा एका विकराचे वर्णन प्रसिद्ध केले. या शोधाबद्दल त्यांना १९९७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हे विकर एटीपी या ऊर्जादायी द्रव्याचे विघटन करून दर खेपेस सोडियमचे तीन आयन पेशीबाहेर टाकते व पोटॅशियमचे दोन आत घेते. मेंदूतील संदेशवहन त्यामुळेच शक्य होते.

दुसरे विकर कॅल्शियम बाहेर काढणारे. पेशीबाहेर जितके मुक्त कॅल्शियम असते, त्याच्या सुमारे दहा हजारावा अंशच पेशीत असतो. संदेश येताच पटलाची द्वारे क्षणभर उघडतात, कॅल्शियम आत शिरते आणि तंतूच्या टोकाशी रासायनिक संदेशवाहक मुक्त होतो. नंतर हेच कॅल्शियम कॅल्मोड्युलिन या प्रथिनाशी जोडले जाऊन आपल्या विकरास चेतना देते व बाहेर काढले जाते. शेताला दारे धरणारा शेतकरी वाफा भरताच पाणी वळवितो, तसाच हा प्रकार होय.

मेंदूचा रक्तपुरवठा खंडित झाल्यास एटीपी घटते व ही दोन्ही विकरे थंडावतात. पेशीत साचलेले कॅल्शियम सोडियमच्या विकरास आणखी अटकाव करते आणि पटलातील स्निग्ध द्रव्ये तोडणाऱ्या विकरांना जागे करते. पक्षाघातात पेशी नष्ट होण्याचे हे एक प्रमुख कारण आहे. म्हणून तोंड एकाएकी वाकडे होणे, एका हातातील बळ जाणे, बोलणे अडखळणे यांपैकी कोणतेही लक्षण दिसताच अंगारेधुपारे वा मालिश यांत वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. लक्षणे सुरू झाल्याची वेळ नोंदवावी. कारण रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते.

आहारातील कॅल्शियमची मात्र धास्ती बाळगू नये. रक्तातील त्याचे प्रमाण परावटू ग्रंथी काटेकोरपणे राखतात. उलट ते फार घटल्यास बोटांना मुंग्या येतात, पेटके येतात, तान्ह्या मुलांना झटकेही येऊ शकतात. दूध, नाचणी, तीळ व कोवळे ऊन यांचा लाभ घ्यावा. गोळ्या मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात.