अश्वशक्ति वाढविण्यापूर्वीं

अहिल्यानगराहून छत्रपति संभाजीनगराकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, नेवासें तालुक्यांत घोडेगांव लागतें. शनिशिंगणापुराचा फांटा येथूनच फुटतो, म्हणून यात्रेकरूंस हें नांव परिचयाचें. शेतकऱ्यांस तें जनावरांच्या आणि कांद्याच्या बाजारामुळें ठाऊक. गांवाच्या नांवांत घोडा असला, तरी आज तेथील माल घोडा ओढीत नाहीं, आणि बैलहि क्वचितच ओढतो. तो भार आतां पिकअप गाड्यांच्या माथीं आला आहे.

माझा भाचा तेथें वडिलोपार्जित शेती करतो. त्याची पिकअप बारा वर्षांची जुनी आहे. सकाळीं हीच गाडी मुलीला शाळेंत पोंचविते, दुपारीं खताचीं पोतीं आणते, हंगामांत कांदा नगरला नेते. आणि रात्रीं-अपरात्रीं घरांत कोणी आजारी पडलें, तर दवाखान्यापर्यंत धांवणारीहि तीच. ज्या घरांत एकच गाडी असते, तेथें तिचें इंजिन बसणें म्हणजे घराचा उजवा हात मोडणें होय.

गेल्या दिवाळींत मी तेथें गेलों, तेव्हां घरांत याच गाडीचा विषय चालला होता. नगरच्या वाटेवर पांढरी पूल मागें टाकला कीं इमामपूरचा घाट लागतो. तेथें भरलेली गाडी ओढत नाहीं, दुसऱ्या गिअरवर यावें लागतें, मागच्या मालमोटारी भोंगे वाजवूं लागतात, असें भाच्याचें गाऱ्हाणें होतें. इंजिनाच्या तारांत एक लहानशी पेटी जोडली म्हणजे अश्वशक्ति झटकन वाढते, असें त्याला कोणीं तरी सांगितलें होतें. त्याकरितां त्यानें तीस हजार रुपये बाजूस काढलेहि होते.

"मामा, तुमची सारी नोकरी कारखान्यांत गेली," तो म्हणाला. "तुम्हीच सांगा, पेटी बसवूं, कीं मोठा टर्बो घालूं?"

मी कांहीं बोलण्यापूर्वींच सूनबाई आंतून म्हणाली, "मामा, चढतांना जोर वाढेल हें खरें, पण भरली गाडी उतरतांना थांबविणार कोण?"

मीं दोघांनाहि लगेच उत्तर दिलें नाहीं. मुलीची पाटी नव्हती, म्हणून तिच्या वहीचें एक पान मागून घेतलें, आणि घाटाचा हिशेब मांडला.

अश्वशक्ति हा शब्द आपण सहज वापरतों. तिचें माप मात्र फारच थोड्यांस माहीत असतें. आपल्या वाफेच्या यंत्राचें काम गिऱ्हाइकांस समजावें, म्हणून जेम्स वॅट यानें त्याची तुलना घोड्याच्या कामाशीं केली. दशमान पद्धतीनें सांगावयाचें, तर ७५ किलो वजन एका सेकंदांत एक मीटर उचलण्याची शक्ति म्हणजे एक अश्वशक्ति. आतां गाडी आणि माल मिळून वजन ३ टन, आणि वीस मीटर चाललें असतां एक मीटर उंची गांठणारा चढ, असें समजूं. ताशीं ४० किलोमीटर वेगानें हें वजन वर नेण्यास सुमारें २२ अश्वशक्ति लागते. चाकांचें घर्षण, हवेचा अडथळा आणि गिअरांतील तूट धरली कीं ती ३५ च्या आसपास जाते. तोच चढ ताशीं ६० किलोमीटरनें चढावयाचा, तर ५५ अश्वशक्ति लागेल.

भाच्याच्या गाडीच्या कागदपत्रांत इंजिनाची शक्ति ६० हून थोडी अधिक लिहिलेली होती. म्हणजे भोंगे न ऐकतां घाट चढण्याइतका जोर त्या इंजिनांत मुळांतच होता. तेव्हां नवी शक्ति विकत घेण्याआधीं, असलेली कोठें गळते आहे, तें शोधणें क्रमप्राप्त होतें.

पेटीविषयीं येथें दोन शब्द सांगितले पाहिजेत. डिझेल इंजिनाची रीत पेट्रोलच्या इंजिनाहून निराळी आहे. त्यांत हवा मोकळेपणीं येते. चालकाचा पाय डिझेलाचें मान तेवढें कमी-अधिक करतो. म्हणून अधिक डिझेल सोडलें कीं जोर वाढतो, हें वरकरणी खरें आहे. जुन्या गाड्यांत पंपाचा स्क्रू फिरवून हें करीत. अलीकडच्या गाड्यांत ती पेटी इंधनाच्या दाबाविषयीं गाडीच्या संगणकास खोटी बातमी देते, आणि फसलेला संगणक अधिक डिझेल सोडतो. परंतु डिझेल जाळण्यास हवाहि त्या मानानें पाहिजे. ती अपुरी पडली, तर डिझेल अर्धवट जळून काळा धूर निघतो, आणि जळून बाहेर पडणाऱ्या वायूंची उष्णता वाढत जाते. ॲल्युमिनियमचा पिस्टन, हेडचें पॅकिंग आणि टर्बोचा फिरता पंखा यांस ती फार काळ सोसवत नाहीं. टर्बो हें तर हवा पुरविण्याचेंच साधन. वायां जाणाऱ्या वायूंच्या जोरावर पंखा फिरवून इंजिनांत अधिक हवा भरावी, ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याची. १९०५ सालीं त्यानें तिचें पेटंट घेतलें. ही हवाच वाटेंत गळत असेल, तर मोठा टर्बो घालूनहि उपयोग नाहीं.

दुसऱ्या दिवशीं गाडी आम्ही एका अनुभवी मिस्त्रीकडे नेली. त्यानें प्रथम इंजिनास हातच लावला नाहीं. जॅकवर मागचीं चाकें उचलून त्यानें तीं हातानें फिरवून पाहिलीं. डावें मोकळें फिरलें. उजवें अर्धा फेराहि घेईना. ब्रेक चाकास घासत होता. म्हणजे कित्येक महिने आमचा भाचा एक ब्रेक अर्धवट लावूनच घाट चढत होता! टायरांतील हवाहि कमी निघाली. मग एअर फिल्टर काढला. शेतवाटेच्या धुळीनें तो पार चोंदला होता. टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणारा रबरी पाइप पट्टीखालीं चिरला होता, आणि त्याभोंवतीं तेलकट काजळी जमली होती. डिझेल फिल्टरमध्यें पाणी सांपडलें. चारांपैकीं दोन नोझल धुक्यासारखा फवारा सोडण्याऐवजीं थेंब टाकीत होते. क्लच प्लेट झिजत आली होती. पेटीचा पहिला बळी तीच झाली असती. चारी सिलिंडरांचें कॉम्प्रेशन मात्र समाधानकारक निघालें. इंजिनाची धुगधुगी नव्हे, तर चांगली उमेद शिल्लक होती.

मिस्त्रीनें शेवटीं विचारलें, "गोण्या किती भरतां?" भाचा जरा घुटमळला, मग गाडीच्या मर्यादेपेक्षां सहा गोण्या अधिक असतात, हें त्यानें कबूल केलें. सहा गोण्या म्हणजे सुमारें ३०० किलो. तीन टनांचा दहावा हिस्सा. त्या खालीं ठेवल्या, तर चढावरील ओझें दहावा भाग हलकें होतें, आणि त्यास एक पैहि पडत नाहीं.

त्या रात्रीं खर्चाचा क्रम ठरला. पहिला पैसा ब्रेकला: नवे लायनर, चाकांतील सिलिंडरांची दुरुस्ती, ब्रेकचें नवें तेल. दुसरा हवेच्या वाटेला: मूळ बनावटीचा फिल्टर आणि नवा पाइप. तिसरा इंधनाला: डिझेल फिल्टर आणि दोन नोझलांची दुरुस्ती. चवथा रेडिएटर साफ करून घेण्यास आणि टॅपेट जुळविण्यास. पांचवा क्लच प्लेटला. एवढें करून तीन महिने गाडी चालवावी, टांकी दर वेळीं पूर्ण भरून किलोमीटर आणि डिझेल लिहावें, आणि मग गरज उरलीच, तर शक्ति वाढविण्याचा विचार करावा. नोंदवहीचें काम सूनबाईनें स्वतःकडे घेतलें.

शक्ति वाढविण्याच्या वाटेवर कायदाहि उभा आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. १९८८ सालच्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें, नोंदणीपुस्तकांतील तपशील निर्मात्यानें दिलेल्या मूळ तपशिलाहून भिन्न होईल, असा फेरफार गाडींत करतां येत नाहीं. २०१९ सालच्या दुरुस्तीनें बेकायदा फेरफाराबद्दल मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर फेरफारामागें ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. शिवाय धुराची तपासणी आहेच. आणि मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली कीं तिला दरसाल योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो. काळा धूर ओकणारी गाडी या कसोटींत नापास झाली, तर घराचें काम अडेल तें निराळेंच.

कारखान्यानें ठरविलेली अश्वशक्ति ही कंजूषपणाची खूण आहे, असा तरुणांचा ग्रह असतो. वास्तविक ती एक तडजोड असते. जितका जोर, तितका क्लच, तितका थंडावा, तितका ब्रेक, आणि कायद्याच्या मर्यादेंतला धूर, असा मेळ घालूनच तो आंकडा निश्चित होतो. अहिल्यानगरास संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था आहे. पुण्यास ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन १९६६ सालापासून आहे. अशा संस्थांत गाडीचें इंजिन, धूर आणि ब्रेक यांची कसोटी घेतली जाते. आपण घरीं बसून त्यांतला एकच आंकडा वाढविला, तर बाकीचे आपोआप वाढत नाहींत.

मार्गशीर्षांत मी पुन्हां घोडेगांवीं गेलों. तीस हजारांपैकीं साडेपांच हजार उरले होते, आणि ते पुढील वर्षींच्या टायरांसाठीं ठेवले होते. कांदा घेऊन आम्ही नगरला निघालों. इमामपूरच्या घाटांत गाडी तिसऱ्या गिअरवर शांतपणें चढून गेली. मागें एक मालमोटार होती. तिनें भोंगा वाजविला नाहीं. भाचा माझ्याकडे पाहून हंसला, पण पेटीचें नांव त्यानें काढलें नाहीं.

परततांना गाडींत खत भरलें होतें. सूनबाई आमच्याबरोबरच होती. घाटाच्या उतारावर समोरची कडी घट्ट धरून बसण्याची तिची जुनी संवय. त्या दिवशीं तिच्या दोन्ही हातांत हिशेबाची वही होती, आणि त्या दिवशीं भरलेलें डिझेल ती तींत लिहीत होती.