विश्लेषण : अंदमानात सूर्य पाचलाच का मावळतो? स्कूटरवरून बेट पाहताना दिवस कसा आखावा?

डिसेंबर महिना. अंदमानातील स्वराज द्वीपच्या, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकच्या, राधानगर किनाऱ्यावर आम्ही दोघे निवांत बसलो होतो. ‘‘अहो, निघू या का? सूर्य बुडाला,’’ बायको म्हणाली. ‘‘अगं, आत्ता तर पाच वाजलेत,’’ असे म्हणत मी आणखी फोटो काढत बसलो. अर्ध्या तासाने स्कूटर सुरू केली तेव्हा मिट्ट काळोख होता. दोन्ही बाजूंना जंगल, आणि वळणावर रस्त्यात बसलेली गाय दिसली ती थेट चाकापुढे. ब्रेक दाबला, स्कूटर घसरली. खरचटण्यावर निभावले. चूक माझीच होती. मी मुंबईच्या संध्याकाळच्या हिशेबाने बसलो होतो.

घड्याळ एक, सूर्य वेगळा

भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते. मुंबई साधारण ७३ अंशांवर आहे, तर स्वराज द्वीप ९३ अंशांवर. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटे लागतात. म्हणजे २० अंशांच्या फरकाने तिथला सूर्य मुंबईच्या तब्बल ८० मिनिटे पुढे धावतो. बेट मुंबईच्या दक्षिणेला असल्याने हिवाळ्यात तिथला दिवस थोडा मोठा असतो. त्यामुळे डिसेंबरात सूर्यास्तातला फरक तासाभराचा राहतो, जूनमध्ये मात्र दीड तासाच्या घरात जातो. सूर्य बुडाल्यावर वीस-पंचवीस मिनिटेच कामापुरता उजेड उरतो, आणि झाडीतल्या रस्त्यावर तर तेवढाही नाही.

हे दुखणे जुनेच आहे. आसामच्या चहाच्या मळ्यांत घड्याळ तासभर पुढे ठेवण्याची ‘बागान टाइम’ पद्धत आहे. २०१८ मध्ये राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी ईशान्य भारत आणि अंदमान-निकोबारसाठी एक तास पुढची स्वतंत्र वेळ सुचवली होती. केंद्राने ती मान्य केली नाही. (मुंबईकरांनी यावर फार हसू नये. १९०६ मध्ये प्रमाणवेळ आली तरी या शहराने ३९ मिनिटे मागे असलेली आपली ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत सोडली नव्हती.)

मग बेट कोणत्या क्रमाने पाहावे?

बेटाला वळसा घालणारा रस्ता नाही. जेट्टीपासून थोडे पुढे गोविंदनगरचा बाजार लागतो आणि तिथे फाटा फुटतो. एक रस्ता विजयनगरवरून पूर्व किनाऱ्याने कालापथ्थरला जातो, दुसरा जंगलातून पश्चिमेच्या राधानगरला. गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर ही नावे इथे वसवलेल्या पूर्व बंगालमधील निर्वासितांच्या गावांची. म्हणून बाजारात जेवणाला माशाचा रस्सा आणि भात उत्तम मिळतो.

कालापथ्थर पूर्वेला असल्याने तिथे सूर्योदय पाहावा. डिसेंबरात तो साडेपाचच्या सुमारास होतो, म्हणजे सव्वापाचच्या आत स्कूटरवर बसायला हवे. भरदुपारी बाजारात जेवण आणि विश्रांती. राधानगरला दोनपर्यंत पोहोचावे आणि सूर्य टेकताच, फोटोचा मोह आवरून, परत फिरावे. सगळे मिळून चाळीसेक किलोमीटरच होतात, त्यामुळे घाईचे कारण नाही. मात्र पोर्ट ब्लेअरला (आता श्री विजयपुरम) परतणाऱ्या बोटी संध्याकाळपूर्वीच सुटतात. राधानगरचा सूर्यास्त पाहायचा तर बेटावर मुक्काम हवाच.

पाण्यात उतरताना जीवरक्षक दाखवतील त्याच भागात राहा. या बेटांच्या पाण्यात खाऱ्या पाण्यातील मगरी आहेत आणि २०१० मध्ये राधानगरजवळच एका अमेरिकी पर्यटक तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. प्रवाळाचा तुकडाही खिशात घालू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा ठरतो.

स्कूटर घेताना काय पाहावे?

सर्वात आधी नंबर प्लेट. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने द्यायच्या पेट्रोल स्कूटरला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असावी लागतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणे नियमबाह्य आहे आणि अपघात झाल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते. परवाना दुचाकीचा हवा, केवळ मोटारीचा चालत नाही. डिजिलॉकरमधला परवाना ग्राह्य असतो. हेल्मेट मागे बसणाऱ्यालाही सक्तीचे आहे, तेव्हा दोन मागून घ्या. गाडीच्या जुन्या ओरखड्यांचे फोटो मालकासमोरच काढा आणि हेडलाइट लावून पाहा.

आमच्या स्कूटरची पाटी पांढरी होती. हे लक्षात आले ते त्या गायीपुढे, मोबाइलच्या उजेडात स्कूटर उचलताना.